उसने डोळे

मी एक जुना आरसा आहे. उंची दीड हात, रुंदी हातभर, खालचा उजवा कोपरा तुटलेला आणि स्वभावाने संशयी. मित्रांनो, ही स्वभावाची गोष्ट मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर तुम्ही मला बोल लावायला नको. पण माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? माझ्यासमोर आलं की ज्याला-त्याला तोंड बदलायची सवय. दारातून रडवेला आलेला माणूस माझ्यापुढे उभा राहिला की ओठ मिटतो, भुवया सरळ करतो आणि शहाण्यासारखा दिसायला लागतो. वळला की पुन्हा रडवेला. असं जन्मभर बघितल्यावर कुणावर विश्वास ठेवायचा, तुम्हीच सांगा.

माझा जन्म कारखान्यातला. काचेचा एक भला मोठा तक्ता होता. त्याच्या पाठीवर चकचकीत थर चढवला, त्यावर तांबूस रंगाचा लेप दिला आणि मग कापाकापी झाली. एका तक्त्यातून आम्ही सहा भावंडं निघालो. बाकीचे पाच कुठे गेले ते मला ठाऊक नाही. मी गेलो सलूनमध्ये.

सलूनवाला मोठा गोडबोल्या. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की त्याच्या मुलाबाळांची चौकशी करायचा, त्याच्या केसांचं कौतुक करायचा. आणि हे सगळं चालू असताना त्याच्या मागे उभा राहून जांभया द्यायचा, घड्याळ बघायचा, तोंड वेंगाडायचा. त्याला वाटायचं, गिऱ्हाइकाची पाठ आपल्याकडे आहे, त्याला काय कळतंय! अहो, पण समोर मी होतो ना. माझा एक नियम आहे, तो ध्यानात ठेवा, पुढे लागेल. माझ्यात तुम्हाला ज्याचे डोळे दिसतात, त्याला माझ्यात तुमचेही डोळे दिसतात. इथे ओळखपाळख चालत नाही. सलूनवाल्याला हे इतक्या वर्षांत उमगलं नाही, आणि गिऱ्हाइकं का कमी होतायत याचा विचार करत तो डोकं खाजवत बसायचा.

एक दिवस त्याच्या हातातून बाटली निसटली आणि माझा कोपरा गेला. तुटका आरसा दुकानात बरा दिसत नाही म्हणून त्याने मला उतरवलं. त्याच आठवड्यात दुकानाची नवी पाटी रंगवायला एक पेंटर आला होता. त्याने मला कोपऱ्यात बघितलं आणि संकोचत विचारलं, हा फेकणार असाल तर मी नेऊ का? सलूनवाल्याने मला वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्या काखेत दिलं. तोंडाने म्हणाला, तुम्ही मागितलं आणि मी नाही म्हणेन का? मनात म्हणाला असेल, बरी ब्याद गेली. मी त्याचा चेहरा बघत होतो.

पेंटर तेव्हा चाळिशी ओलांडलेला होता. लहान-थोर सगळे त्याला पेंटरकाका म्हणत. अंगाने सडसडीत, शर्टाच्या खिशापाशी कायम कुठल्या तरी रंगाचा डाग. लग्न केलेलं नव्हतं. घरात तो आणि त्याची आई. रस्त्याला लागून असलेली खोली म्हणजे त्याचं काम करायचं ठिकाण. डावीकडे मोठी खिडकी, मधोमध चित्राचं लाकडी स्टँड, जमिनीवर दुकानांच्या अर्ध्या रंगवलेल्या पाट्या, रिकाम्या डब्यांत उभे केलेले ब्रश आणि सगळीकडे टर्पेंटाइनचा वास. मागच्या दाराने स्वयंपाकघरात जाता येई. त्या दाराच्या चौकटीत आईची वेताची खुर्ची.

आई सत्तरीला टेकलेली. डाव्या गालावर, कानापासून हनुवटीपर्यंत, भाजल्याचा जुना डाग. तरुणपणी स्टोव्ह भडकला होता, त्याची ती खूण. तेव्हापासून तिने एकही फोटो काढून घेतला नव्हता आणि घरात आरसा ठेवला नव्हता. पेंटर दाढीसुद्धा बोटांनी चाचपत करायचा आणि केस पंज्याने मागे सारायचा. लहानपणी एकदा त्याने आईचं चित्र काढायला घेतलं, तर ती उठून आत गेली. म्हणाली होती, दुसरं काही नाही का काढायला? त्याने ते जन्मभर लक्षात ठेवलं.

तर अशा घरात मी आलो. वर्तमानपत्र सुटलं आणि आईचा चेहरा पडला.

“हे कशाला आणलंस घरात?”

तो अजीजीने समजावू लागला, कामासाठी आहे, चित्र आरशात उलटं बघितलं की चुका दिसतात, वाकडं नाक डोळ्यात भरतं, सगळे पेंटर असंच करतात. तिने ऐकून घेतलं आणि त्या दिवशी खुर्ची सरकवून पाठमोरी बसली. नंतरच्या अकरा वर्षांत ती एकदाही माझ्यासमोर येऊन उभी राहिली नाही. झाडायला यायची तर माझ्याखालून मान फिरवून झाडायची. मी तरी काय समजायचं? या बाईच्या मनात माझ्याविषयी काळंबेरं आहे, असं मी त्याच दिवशी ठरवून टाकलं.

पेंटरने मला स्टँडच्या उजव्या अंगाला, डोक्याएवढ्या उंचीवर टांगलं.

त्याच्या कामांत एक काम होतं तसबिरींचं. कुणाच्या घरी कुणी गेलं की लोक त्या माणसाचा फोटो घेऊन यायचे. फोटो म्हणजे काय, कुठल्या तरी ओळखपत्रावरचा नखाएवढा तुकडा, नाही तर लग्नाच्या घोळक्यात मागच्या रांगेतलं अर्धं तोंड. पेंटर भिंग लावायचा, फोटोवर बारीक चौकोन आखायचा, कॅनव्हासवर मोठे चौकोन आखायचा आणि एकेक चौकोन उतरवत जायचा. नाक यायचं, मिशी यायची, कॉलरची घडीसुद्धा यायची. घोडं अडायचं ते डोळ्यांपाशी. फोटोत डोळ्यांच्या जागी नुसते दोन ठिपके. तो ठिपके मोठे करायचा आणि चित्रातला माणूस दुकानातल्या पुतळ्यासारखा दिसायचा. लोक तोंडावर छान म्हणायचे. बाहेर पडल्यावर काय म्हणायचे ते त्याला कळत नव्हतं थोडंच.

मी आल्यावर पहिली तसबीर होती शिवणवाल्या बाईंच्या नवऱ्याची. बाई रस्त्यापलीकडे राहायच्या, मशीनवर कपडे शिवायच्या. नवरा अचानक गेला होता. पेंटर तीन दिवस त्या डोळ्यांशी झगडत होता. लावायचा, पुसायचा, पुन्हा लावायचा. चौथ्या दिवशी सकाळी त्याने चुका शोधायला माझ्यात बघितलं आणि तसाच थांबला. बराच वेळ थांबला. मग ब्रश उचलला, माझ्यात बघितलं, एक ठिपका दिला, पुन्हा माझ्यात बघितलं.

मला वाटलं, चला, हाही शेवटी इतरांसारखाच निघाला. स्वतःचं रूप न्याहाळतोय. पण त्याचे केस पिंजारलेले होते आणि नाकावर हिरवा रंग होता, आणि तो ते पुसत नव्हता. स्वतःकडे बघणारा माणूस नाकावरचा हिरवा रंग पुसणार नाही, हे मला पटेना. हा बघतोय तरी कुणाकडे? मी त्याच्या नजरेचा माग काढला, तर ती त्याच्या खांद्यावरून मागे जात होती. दाराच्या चौकटीत आई शेंगा सोलत बसली होती. मान किंचित वर, डोळे इकडे. पेंटर तिचे डोळे उचलत होता. तिला न विचारता, तिच्या पाठी, माझ्या साक्षीने!

याला चोरी म्हणतात. मी चोरीचा साथीदार झालो होतो आणि मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

शिवणवाल्या बाई तसबीर न्यायला आल्या आणि कापड बाजूला केल्याबरोबर मटकन खाली बसल्या. हुंदके देत म्हणाल्या, बघतायत हो, माझ्याकडे बघतायत. पेंटरने मान खाली घातली. त्याचे कान लाल झाले होते. बातमी वाऱ्यासारखी पसरली. मग कामांची रीघ लागली. घड्याळजीचा भाऊ, बेकरीवाल्याची मावशी, दोघा शेजाऱ्यांचे आजोबा. नाकं ज्याची त्याची, डोळे सगळ्यांना एकाच घरचे. लोक विचारायचे, एवढे जिवंत डोळे तुम्हाला सुचतात तरी कुठून? पेंटर म्हणायचा, काम करता करता सुचतात. आणि ताकास तूर लागू द्यायचा नाही.

चांगली वर्षं होती ती. वर्तमानपत्रात त्याच्याविषयी चार ओळी छापून आल्या, त्याने कात्रण कापून माझ्या चौकटीत खोचलं. मला ते टोचायचं, पण मला त्याचा आनंदही व्हायचा. कौतुक झालं ते सगळं त्याचं झालं, आरशाचं नाव कुणी काढलं नाही. मी त्याबद्दल तक्रार करत नाही. फक्त नोंद करून ठेवतो.

आता आईचं सांगतो. माझा खरा संशय तिच्यावर होता.

एक म्हणजे तिची खुर्ची सरकत होती. पहिल्या वर्षी चौकटीत होती. दुसऱ्या वर्षी वीतभर आत आली. पाचव्या वर्षी खोलीच्या मध्यावर. ज्या बाईला माझं तोंड बघायचं नव्हतं, ती वर्षाला वीतभर माझ्याकडे सरकत होती, आणि तेही अंग तिरकं करून, स्वतःचा गाल माझ्यात दिसणार नाही अशा बेताने. दुसरं म्हणजे तिची नजर. पूर्वी ती मोकळेपणाने बघायची. आता डोळे बारीक करायची, मान पुढे काढायची, एका जागी रोखून बघत राहायची. मी म्हटलं, संपलं. हिला चोरीचा सुगावा लागला. ही पाळत ठेवते आहे, आणि एक दिवस लेकाचा हात धरणार.

आणि तिसरं म्हणजे तिचा स्वभावच बदलला. पेंटर समोर उभा असला तरी विचारायची, कोण आलंय? माझा डबा कुणी हलवला, माझी चप्पल कुणी उचलली, यावरून रोज कटकट. चहा कपाबाहेर सांडला तर म्हणायची, कप इथे कुणी ठेवला? पेंटर आधी हसण्यावारी न्यायचा, मग कंटाळला. सलूनवाला कधीमधी गप्पा मारायला यायचा, त्याच्याजवळ म्हणाला, आई हल्ली फार संशयी झालीय. सलूनवाल्याने मान डोलावली. म्हातारपण दुसरं काय, असं म्हणून त्याने जांभई दिली.

त्याच सुमाराला माझंही वय झालं होतं. कडेकडेने माझा पारा उडायला लागला होता, करडे डाग पडत होते. आईच्या डोळ्यात मला एक धुरकट ठिपका दिसायचा. मी म्हणायचो, माझाच डाग असणार. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधण्याआधी स्वतःची काच बघावी. एरवी साऱ्या जगावर संशय घेणारा मी, ज्या एका गोष्टीवर घ्यायला हवा होता तिथे मात्र घेतला नाही.

पेंटरलाही तो ठिपका दिसत होता बरं का. दिसलं ते उतरवायचं, अर्थ लावत बसायचं नाही, असा त्याचा हात. त्याच्या लेखी तो नुसता करडा रंग होता, पांढऱ्यात काळ्याचा एक थेंब. तो इमानाने तेवढा करडा मिसळायचा आणि नव्या तसबिरीच्या बुबुळावर ठेवायचा.

मग तक्रारी सुरू झाल्या. बेकरीवाला म्हणाला, मावशी जन्मभर माझ्यावर माया करत होती आणि भिंतीवरून असं बघते जणू मी गल्ल्यात हात घातलाय. एका घरात लहान मुलं आजोबांच्या तसबिरीखाली बसून अभ्यास करायला तयार होईनात. कुणाच्या तरी लक्षात आलं की दोन वेगळ्या घरांतल्या, एकमेकांशी नातं नसलेल्या माणसांची नजर एकच आहे. झालं! लोकांच्या जिभेला हाड नसतं. कुणी म्हणालं पेंटरकडे डोळ्यांचा छाप आहे, कुणी म्हणालं त्याची कुणीतरी बाई आहे, तिचे डोळे तो सगळ्यांना लावतो. शिवणवाल्या बाईंनी मध्यंतरी सासूबाईंची तसबीर करून घेतली होती. ती त्यांनी आधी भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि मग एका दुपारी कापडात गुंडाळून परत आणली.

“काका, राग मानू नका, पण सासूबाईंनी जिवंतपणी माझ्यावर कधी संशय घेतला नाही हो. आता मेल्यावर घेतायत.”

पेंटरने तसबीर घेतली. तशा तीन परत आल्या. त्या तिन्ही त्याने भिंतीकडे तोंड करून ओळीने ठेवल्या. हाती एकच काम उरलं होतं, डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंच्या वडिलांची तसबीर. त्यांच्या दवाखान्यात, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना दिसेल अशी लागणार होती. पेंटरने मनाशी ठरवलं, ही नापसंत झाली तर तसबिरी बंद. उरलेलं आयुष्य दुकानांच्या पाट्यांवर बाण काढायचे. हे त्याने आईला सांगितलं नाही. मला सांगितलं, म्हणजे माझ्यासमोर उभा राहून पुटपुटला. त्याने जीव ओतून काम केलं. आईच्या डोळ्यातला एकेक बारकावा टिपला. एवढं करूनही त्याला कळेना, की चुकतंय कुठे.

डॉक्टरीणबाई आल्या त्या सकाळी. चांगल्या उंच, पायात कॅनव्हासचे बूट, बोलणं मोजकं. पेंटरने कापड काढलं. बाईंनी वडिलांकडे बघितलं. जवळ गेल्या. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. पेंटर ब्रश पुसत होता, जो आधीच कोरडा होता. आई मागे खुर्चीत होती, माझ्याकडे मान काढून. मी म्हटलं, आज काहीतरी फुटणार. तो मी नसलो म्हणजे मिळवली.

“नाक बाबांचं आहे. कपाळ बाबांचं आहे,” बाई म्हणाल्या. “पण माझ्या बाबांना मोतीबिंदू नव्हता.”

पेंटरला काही समजेना. बाईंनी भिंतीकडे तोंड केलेल्या तसबिरी बघितल्या आणि विचारलं, या उलटून बघू का? तो नाही म्हणायच्या आत त्यांनी तिन्ही उलटल्या. मग विचारलं, आधीची कुठली, नंतरची कुठली? त्याने बोट दाखवलं तशी त्यांनी त्यांची क्रमाने रांग लावली आणि शेवटी वडिलांना उभं केलं. पहिलीतले डोळे स्वच्छ होते. दुसरीत एका बुबुळावर जराशी धूसर छटा. तिसरीत ती वाढलेली आणि दुसऱ्या डोळ्यातही सुरुवात. चौथ्या तसबिरीत, म्हणजे वडिलांच्या, डावा डोळा जवळजवळ दुधासारखा.

“या चारही तसबिरींतले डोळे एकाच माणसाचे आहेत, आणि त्या माणसाची नजर चालली आहे. कोण आहे ते?”

पेंटरचं चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. त्याने मागे वळून बघितलं नाही. सवयीने त्याने माझ्यात बघितलं. बाई हुशार, त्यांनी त्याच्या नजरेमागोमाग माझ्यात बघितलं. आणि माझ्यात मागची खुर्ची होती, खुर्चीत म्हातारी होती, डोळे बारीक करून इकडे बघणारी.

बाई तरातरा तिच्याकडे गेल्या. पिशवीतून छोटी बॅटरी काढली, तिची हनुवटी वर केली. आईने आधी गालावर हात ठेवला, डाग झाकायला. बाई म्हणाल्या, मला गाल नको, डोळे हवेत. मग हाताची बोटं समोर धरून विचारलं, किती? आई म्हणाली, तीन. बोटं दोन होती. पुन्हा विचारलं. आई म्हणाली, उगाच बोटं काय नाचवताय, मला मोजता येतं. बाईंनी एकदा चित्राकडे आणि एकदा आईकडे बघितलं. चित्रात डावा डोळा जास्त गढूळ होता, प्रत्यक्षात उजवा. ते माझं काम, मित्रांनो. मी डाव्याचं उजवं करतो. बाकी चित्रात एका केसाचाही फरक नव्हता.

बाई पेंटरकडे वळून म्हणाल्या, उजव्यात मोतीबिंदू पिकून दाब चढलाय, त्याला फार उशीर झालाय, डावा अजून वाचेल, उद्या सकाळी घेऊन या. त्यांचा आवाज कडक नव्हता, पण पेंटर रंगाच्या डब्यावर बसला तो उठेना. काखेत कळसा आणि गावाला वळसा! अकरा वर्षं रोज तासन्‌तास ज्या डोळ्यांकडे बघितलं, बुबुळातली बारीक रेघसुद्धा ज्याने सोडली नाही, त्याला ते डोळे विझताना दिसले नाहीत. तो लहान मुलासारखा रडायला लागला. मला त्याची लाज वाटली, आणि त्याहून जास्त माझी वाटली. डबा कुणी हलवला, कोण आलंय, कप इथे कुणी ठेवला, हे सगळं मीही ऐकलं होतं. आम्ही दोघांनी मिळून तिला संशयी ठरवलं होतं.

मग त्याने सगळं कबूल केलं. तुझे डोळे मी तुला न विचारता घेत होतो, आरशातून, पहिल्या तसबिरीपासून. आई शांतपणे ऐकत होती. आता ही उठणार आणि मला काठीने फोडणार, अशी माझी खात्री झाली होती.

“मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे,” ती म्हणाली. “तू मला बघत होतास, तर मी तुला बघत नव्हते का? दिवसभर तुझी पाठच असते माझ्याकडे. तोंड दिसतं ते त्या मेल्या आरशात.”

बघा! माझाच नियम, आणि मीच विसरलो होतो. ती पाळत ठेवत नव्हती. काम करताना लेकाचा चेहरा कसा दिसतो ते बघत होती. दिसेनासा व्हायला लागला तशी डोळे बारीक करत होती, मान पुढे काढत होती, खुर्ची वीतवीत पुढे आणत होती. साऱ्या गावाच्या भिंतींवर जो संशय टांगला होता, तो संशय नव्हताच हो. ते आईचं बघणं होतं.

पेंटरने रडत विचारलं, दिसत नाही हे सांगितलं का नाहीस? आईला हा प्रश्न अगदीच खुळचट वाटला, असं तिच्या चेहऱ्यावरून दिसलं.

“आणि डोळ्यांवर पट्टी आली असती तर तू काढलं काय असतंस?”

पुढचं पटापट सांगतो. दुसऱ्या दिवशी पेंटर आईला घेऊन गेला. त्याच आठवड्यात डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्या दिवसांत खोलीत सामसूम होती, रिकामी खुर्ची तेवढी माझ्यासमोर. मी रोज त्या खुर्चीकडे बघत असे. तिच्या वेताला एके ठिकाणी, हात टेकायच्या जागी, रंगाचा ठसा होता, म्हणजे पेंटर तिथे कधीतरी बसून गेला होता. एरवी मी त्यावरूनही काहीतरी तर्क लढवला असता. तेव्हा मनच झालं नाही.

खरी गोष्ट गावभर झाली. पेंटर घरोघरी जाऊन सांगत होता, तसबिरी द्या, डोळे दुरुस्त करून देतो, ज्याचे त्याला देतो. बेकरीवाल्याने दिली. शिवणवाल्या बाई मात्र स्वतःहून आल्या आणि परत केलेली सासूबाईंची तसबीर उचलून घेऊन गेल्या. राहू दे तशीच, एवढंच म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी वडिलांचे डोळे बदलून घेतले. पण जुन्या डोळ्यांचा एक फोटो काढून ठेवला, शिकणाऱ्या पोरांना दाखवायला.

आई घरी आली तेव्हा डोळ्यावर हिरवा चष्मा होता. चार दिवसांनी तो निघाला. त्या सकाळी पेंटरने स्टँड उचललं आणि उलट्या बाजूला लावलं. आता आई त्याच्या पाठीमागे नव्हती, समोर होती. हातच्या कंकणाला आरसा कशाला, ही म्हण मला मुळीच आवडत नाही, आमच्या धंद्यावर घाला आहे तो. पण त्या दिवशी ती खरी होती. त्याने कोरा कॅनव्हास लावला आणि भीत भीत विचारलं, काढू का? आईचा हात गालाकडे गेला, थोडा वेळ तिथे राहिला आणि मग खाली आला. ती म्हणाली, काढ, पण डाग लपवू नकोस, नाही तर लोक म्हणतील ही दुसरीच कुणीतरी.

त्याने ब्रश उचलला. आई त्याच्याकडे बघत होती. डोळे बारीक न करता, एकाच डोळ्याने, पण स्वच्छ. बघता बघता तिचा चेहरा बदलला. मी जन्मभर बदलते चेहरे बघितलेत, पण हा बदल माझ्यासाठी नव्हता, म्हणून माझा त्यावर विश्वास बसला.

“अरे,” ती हळूच म्हणाली, “तुझे केस कधी पिकले रे?”

पेंटर थबकला. त्याने डोक्यावरून हात फिरवला. मग मागे वळला आणि माझ्यासमोर आला. अकरा वर्षं तो माझ्यात बघत होता, पण खांद्यावरून पलीकडे. त्या दिवशी पहिल्यांदा त्याने माझ्यात स्वतःला बघितलं. कानाशी पांढरं, कपाळावर पांढरं, डोळ्यांखाली सुरकुत्या. तो बराच वेळ उभा राहिला. त्यालाही माहीत नव्हतं. मग आई उठली, भिंतीला धरत त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली, आणि दोघं मिळून माझ्यात बघायला लागले. तिचा गाल माझ्यात आला, डागासकट. तिने मान फिरवली नाही. खिशातून त्याचा रंगाने बरबटलेला रुमाल ओढून घेतला, माझ्या काचेवर फिरवला आणि कुरकुरली, किती रे घाण झालाय हा, पुसत का नाहीस?

मित्रांनो, माझे डाग पुसून जाण्यातले नाहीत. ते आतले आहेत, वयाचे. पण कुणीतरी पुसून बघितलं, हे मला फार बरं वाटलं.

हल्ली मी खिडकीशेजारी टांगलेला आहे. पेंटर सकाळी माझ्यासमोर दाढी करतो. तो बाकी सगळं तसंच करतो, तसबिरीही करतो, फक्त ज्याची तसबीर त्याच्या घरी आधी दोन दिवस जाऊन बसतो आणि घरच्यांच्या डोळ्यांत बघून येतो. माझा स्वभाव गेलेला नाही, हे कबूल करतो. तुम्ही वाचता वाचता स्वतःच्या आईकडे बघितलंत की नाही, याचा मला आत्ताही संशय आहे. घरातलं कुणी डबा हलवला म्हणून कटकट करत असेल, डोळे बारीक करून तुमच्याकडे बघत असेल, तर आधी उठा, त्यांच्यासमोर जाऊन बसा आणि विचारा, तुला मी नीट दिसतोय का? आणि परत येताना वाटेत घरचा आरसा लागेल, त्याच्यावरही एकदा फडकं फिरवा.